दिंडोशीत घरी मोजलेलं बीपी परळच्या डॉक्टरांना दिसेल का?

मालाड पूर्व आणि गोरेगाव पूर्व यांच्या मध्ये, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून दिंडोशी आहे. नागरी निवाऱ्याच्या सोसायट्या, म्हाडाच्या वसाहती, नवे टॉवर आणि डोंगरउतारावरच्या चाळी असं सगळं इथे शेजारी-शेजारी आहे. यातल्या अनेक घरांत औषधांच्या डब्यासोबत आता बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर किंवा कोरोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर असतं.

समजा, इथल्या ६२ वर्षांच्या एका बाईंना बीपी आणि हृदयाचा त्रास आहे. त्या रोज सकाळी बीपी आणि वजन मोजतात. दोन्ही मशीन ब्लूटूथवरून मुलाच्या मोबाईलमधल्या ॲपला आकडे देतात. नेहमीचे डॉक्टर कुरारमधले आहेत, हृदयाची सोनोग्राफी एका खासगी रुग्णालयात झाली आहे. एका रात्री दम लागला म्हणून त्यांना जवळच्या महापालिका रुग्णालयात नेलं जातं आणि तिथून परळला केईएममध्ये पाठवलं जातं.

गेल्या चार दिवसांत त्यांचं वजन दोन किलोंनी वाढलं आहे. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं वजन असं झपाट्याने वाढणं हे शरीरात पाणी साठत असल्याचं लक्षण असू शकतं. ही गोष्ट ॲपमध्ये नोंदलेली आहे. पण केईएमच्या कॅज्युअल्टीमध्ये समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांना ती माहीत नाही.

घरी मोजलेले आकडे एका आरोग्य यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणं हा विषय ऐकायला तांत्रिक वाटतो, पण त्याचा अर्थ इतका साधा आहे. ते आकडे कसे पोहोचतात, कुठे अडतात आणि पोहोचल्यावरही कोणता प्रश्न उरतो, ते समजून घेऊया.

रिमोट पेशंट मॉनिटरिंग म्हणजे काय?

रुग्ण घरी असताना त्याच्या तब्येतीची मोजमापं घ्यायची आणि ती डॉक्टर किंवा नर्सपर्यंत पोहोचवायची, या पद्धतीला रिमोट पेशंट मॉनिटरिंग म्हणतात. मराठीत त्याला दूरस्थ रुग्ण देखरेख म्हणता येईल.

यात बीपी, रक्तातली साखर, ऑक्सिजन, वजन, तापमान आणि नाडी ही नेहमीची मोजमापं येतात. दंडाला चिकटवून ठेवायचा साखरेचा सेन्सर दर काही मिनिटांनी नोंद घेतो. पेसमेकरसारखी शरीरात बसवलेली उपकरणंही घरातल्या छोट्या यंत्रामार्फत किंवा मोबाईलमार्फत आपली माहिती पाठवू शकतात.

मुंबईसारख्या शहरात याची गरज का आहे, ते एका सर्वेक्षणातून दिसतं. मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयोगटातल्या मुंबईकरांची पाहणी केली. त्यात सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि सुमारे १८ टक्के लोकांच्या रक्तात उपाशीपोटी साखर जास्त आढळली. हे आजार वर्षानुवर्षं सोबत राहतात. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते, बाकीचे दिवस रुग्ण घरीच असतो.

मुंबईने हे एकदा फोनवर केलं आहे

घरच्या नोंदी यंत्रणेपर्यंत पोहोचवण्याचा मोठा प्रयोग मुंबईने २०२० मध्ये केला. तेव्हा दिंडोशी, कुरार आणि मालाडचा बराच भाग महापालिकेच्या पी उत्तर विभागात होता. जून २०२० मध्ये धारावी-वरळीकडचे आकडे उतरत असताना संसर्ग उत्तरेकडच्या उपनगरांत वाढत होता. त्यामुळे २२ जूनला मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसरसाठी वेगळी मोहीम सुरू झाली.

याच काळात महापालिकेच्या २४ विभागांत वॉर्ड वॉर रूम सुरू झाल्या. प्रयोगशाळेचे अहवाल महापालिकेकडे यायचे, विभागवार याद्या व्हायच्या आणि वॉर रूममधून रुग्णाला फोन जायचा. घरी विलगीकरणात असलेल्यांना ताप आणि ऑक्सिजन विचारला जायचा. आकडा घसरला तर कोणत्या रुग्णालयात बेड आहे ते पाहून तिथे पाठवलं जायचं.

यात ब्लूटूथ नव्हतं, ॲप जोडलेलं नव्हतं. तरीही माहिती घरातून वॉर रूमला आणि तिथून रुग्णालयाला पोहोचत होती, कारण मध्ये माणूस होता. बोलणारा रुग्ण तोच आहे ना, हे तो माणूस विचारत होता. 'ऑक्सिजन ९१' ऐकल्यावर 'बोट गार आहे का, परत लावून बघा' असं सांगत होता. आणि पुढे काय करायचं हे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर होती.

त्याच जूनमध्ये आणखी एक मुद्दा पुढे आला. पॉझिटिव्ह अहवाल थेट रुग्णाच्या हाती न देता आधी महापालिकेकडे पाठवण्याचं धोरण होतं. हा विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला, तेव्हा अहवाल रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना आणि रुग्णालयालाही मिळायला हवा, असं न्यायालयाने महाराष्ट्राला सांगितलं. यंत्रणांनी माहिती आपसांत वाटून घेताना ज्याची माहिती आहे त्यालाच वगळून चालणार नाही, हा त्यातला धडा होता.

आकड्यासोबत काय-काय जावं लागतं?

वॉर रूममधला माणूस जे मनातल्या मनात करत होता, ते सगळं यंत्रांमधल्या देवाणघेवाणीत आधीच लिहून ठेवावं लागतं. '१४८/९२' एवढाच आकडा पाठवून उपयोग नसतो. त्याच्यासोबत चार प्रश्नांची उत्तरं जावी लागतात.

पहिला प्रश्न: आकडा कोणाचा?

घरात बीपीचं मशीन एकच असतं. आजी मोजतात, आजोबा मोजतात, पाहुणे आले की तेही हात पुढे करतात. मशीनला माणूस ओळखता येत नाही. सगळे आकडे एकाच नावाखाली ॲपमध्ये गेले, तर पुढच्या रुग्णालयात तिघांचं मिळून एक बीपी दिसेल.

नावाचा घोळ वेगळाच. एका रुग्णालयात नाव-आडनाव, दुसरीकडे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, तिसरीकडे इंग्रजी स्पेलिंग निराळं. संगणकासाठी ही तीन वेगळी माणसं ठरू शकतात.

दुसरा प्रश्न: आकडा कशाचा?

साखर १४० आहे असं मुंबईत म्हटलं, की ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजलेली असते. लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाने तिथल्या सवयीने आईच्या ॲपमध्ये एकक बदललं, तर तीच साखर ७.८ दिसते, कारण तिथे मिलिमोल प्रति लिटर वापरतात. दोन्ही एककांत साधारण १८ पटींचा फरक आहे. एकक सोबत गेलं नाही, तर ७.८ हा आकडा मुंबईतल्या डॉक्टरांना काहीच सांगणार नाही. त्याहून वाईट म्हणजे ते त्याला एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा समजू शकतात.

वेळेचंही तसंच. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेचारला घेतलेली नोंद सर्व्हरवर आदल्या दिवशीच्या रात्री अकराची होते. ती परत भारतीय वेळेत बदलली नाही, तर गोळीनंतरचं बीपी गोळी घेण्याआधीचं वाटू शकतं.

आकडा कुठे मोजला हेही महत्त्वाचं आहे. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा सर्रास धरली जाते. घरी शांत बसून मोजलेल्या बीपीसाठी ती १३५/८५ मानतात. म्हणजे आकडा तोच असला, तरी 'घरी की दवाखान्यात' यावर त्याचा अर्थ बदलतो. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर नेलपॉलिश, गार बोटं आणि त्वचेचा रंग यांचा परिणाम होतो.

तिसरा प्रश्न: रुग्णाची परवानगी आहे का?

बीपीचा आकडा किरकोळ वाटतो. पण तीन महिन्यांचे आकडे एकत्र पाहिले, तर माणूस कधी उठतो, गोळ्या चुकवतो का, रात्री झोपतो का, याचा अंदाज येतो. विमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्याला ही माहिती हवीशी वाटू शकते. म्हणून ती कोणाला, कशासाठी आणि किती दिवसांसाठी द्यायची, हे रुग्णाने ठरवायला हवं.

चौथा प्रश्न: आकडा पाहायची जबाबदारी कोणाची?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पहिल्या तीन प्रश्नांवर भारताकडे काय आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आभा क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्याआधी १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी सुरू झाली होती. या मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक घेता येतो. २०२५ पर्यंत असे ७० कोटींहून अधिक क्रमांक तयार झाले होते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढणाऱ्या अनेकांची आभाशी पहिली ओळख तिथेच झाली. खासगी दवाखान्यांना या जाळ्यात आणण्याचे सुरुवातीचे प्रयोग ज्या तीन शहरांत झाले, त्यांत अहमदाबाद आणि सुरतसोबत मुंबई होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात तयार झालं आहे. भारतातल्या आरोग्य नोंदी कोणत्या साच्यात लिहायच्या, याचं काम पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय संसाधन केंद्र पाहतं. त्यासाठी एफएचआयआर नावाचं आंतरराष्ट्रीय मानक वापरलं जातं. त्याचा उच्चार 'फायर' असा करतात.

फायरमध्ये प्रत्येक मोजमाप एका ठरलेल्या फॉर्मसारखं लिहिलं जातं: रुग्ण कोण, काय मोजलं, किती आलं, एकक कोणतं, वेळ कोणती, उपकरण कोणतं. 'काय मोजलं' हे शब्दांत न लिहिता कोडमध्ये लिहितात. लॉइंक या जागतिक यादीत वरच्या बीपीचा कोड ८४८०-६ आहे आणि खालच्या बीपीचा ८४६२-४. त्यामुळे एका ॲपने 'सिस्टॉलिक' लिहिलं आणि दुसऱ्याने 'वरचं बीपी', तरी दोन्ही संगणकांना एकच अर्थ कळतो.

भारतातल्या साच्यांत डिस्चार्ज कार्ड, प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, लसीकरण यांच्यासोबत 'वेलनेस रेकॉर्ड' हाही एक प्रकार आहे. बीपी, नाडी, वजन, चालणं-फिरणं यांच्या घरच्या नोंदी त्यात बसतात. म्हणजे दिंडोशीतल्या घरातल्या आकड्यांसाठी कागदोपत्री जागा तयार आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे संमतीची पद्धत. या मिशनमध्ये सगळ्यांच्या नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात गोळा होत नाहीत. ज्याने नोंद तयार केली, त्याच्याकडेच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल, तर विनंती रुग्णाच्या मोबाईलवर येते. त्यात कारण, नोंदींचा प्रकार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी आणि ही परवानगी कधी संपणार, हे लिहिलेलं असतं. रुग्णाने होकार दिला की नोंदी कुलूपबंद स्वरूपात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. संमती सांभाळणाऱ्या यंत्रणेला त्या वाचता येत नाहीत. दिलेली परवानगी रुग्णाला परतही घेता येते.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण उपकरणापाशीच आहे. उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलायचं, यासाठी आयईईई ११०७३ ही मानकांची मालिका आहे. पण बाजारातली अनेक मशीन फक्त आपल्याच कंपनीच्या ॲपशी बोलतात. ॲपमधून बाहेर काढता येते ती बहुतेकदा एक पीडीएफ. माणसाला ती वाचता येते, पण समोरच्या रुग्णालयाच्या संगणकासाठी ते फक्त एक चित्र असतं. त्यावरून आलेख काढता येत नाही आणि वजन वाढल्याचा इशाराही देता येत नाही.

पेसमेकर बसवलेल्या रुग्णांचंही असंच होतं. उपकरण ज्या कंपनीचं, तिच्या पोर्टलवर माहिती जाते आणि ती मुख्यतः जिथे उपकरण बसवलं त्या रुग्णालयाला दिसते. रुग्ण दिंडोशीत राहतो, शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली आणि चक्कर येऊन पडला गोरेगावात, तर जवळच्या डॉक्टरांच्या हाती ते पोर्टल नसतं.

दुसरी अडचण रुग्णालयांच्या बाजूने आहे. महापालिकेची रुग्णालयं, राज्य सरकारची वैद्यकीय महाविद्यालयं, कामगार विमा रुग्णालयं, खासगी रुग्णालयं आणि गल्लीतले डॉक्टर, या प्रत्येकाची नोंद ठेवण्याची तऱ्हा निराळी. गल्लीतल्या डॉक्टरांकडे बऱ्याचदा संगणकच नसतो. आणि संगणक असला म्हणून नोंदी टिकतीलच असं नाही. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं वापरात असलेली संगणक प्रणाली २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांना पुन्हा कागदाकडे वळावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं बरंचसं काम हाताने चाललं.

तिसरी अडचण वेळेची आहे. संमतीची पद्धत 'जुनी नोंद मागा, परवानगी घ्या, पाहा' या क्रमासाठी नीट बसते. पण रुग्ण बेशुद्ध असेल किंवा मोबाईल घरी राहिला असेल, तर होकार देणार कोण? कॅज्युअल्टीमध्ये ओटीपीची वाट पाहणं नेहमीच शक्य नसतं.

महाराष्ट्रात काय चाललं?

थोड्या साध्या पातळीवर हे जमलेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. इथे नर्स 'सिम्पल' नावाच्या मोबाईल ॲपवर रुग्णाचं बीपी आणि औषधं नोंदवतात. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं छोटं कार्ड मिळतं. पुढच्या वेळी कार्ड स्कॅन केलं की मागचे आकडे समोर येतात. रुग्ण गोळ्या घ्यायला आलाच नाही, तर त्याचं नाव यादीत येतं आणि फोन करता येतो.

यातलं बीपी केंद्रावर मोजलेलं असतं, घरी नाही. शिवाय सगळे एकच ॲप वापरतात म्हणून हे सोपं जातं. मुंबईत एकच ॲप सगळ्यांवर लादणं शक्य नाही. पण या कार्यक्रमातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे माहिती मोजकी घेतली जाते आणि 'आकडा चुकीचा दिसला तर फोन कोण करणार' हे आधीच ठरलेलं असतं.

पहाटे तीनचा आकडा कोण पाहणार?

आता चौथा प्रश्न. समजा सगळं जमलं. मशीन बोललं, कोड जुळले, संमती मिळाली. पहाटे तीन वाजता दिंडोशीतल्या घरातून ऑक्सिजन ८६ असल्याची नोंद तीन यंत्रणांमध्ये एकाच वेळी पोहोचली: कुरारच्या डॉक्टरांकडे, खासगी रुग्णालयात आणि महापालिकेच्या रुग्णालयात. उठून फोन कोणी करायचा?

आकडा एकाच ठिकाणी जात होता तेव्हा जबाबदारी निदान स्पष्ट होती. तो तीन ठिकाणी गेला, की प्रत्येकाला वाटू शकतं की बाकीचे दोघे पाहत असतील. रुग्णाच्या घरच्यांचा मात्र समज असतो की 'तिकडे डॉक्टरांना दिसतंय', म्हणून तेही थांबतात. म्हणजे माहिती वाटल्यामुळे धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

याला दुसरी बाजूही आहे. शंभर रुग्णांचे रोजचे दहा आकडे म्हणजे हजार नोंदी. त्यातल्या बहुतेक ठीक असतात. प्रत्येक किरकोळ चढ-उतारावर मोबाईल वाजू लागला, तर थोड्याच दिवसांत डॉक्टर तो आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात. खरा इशारा त्यातच बुडतो.

या प्रश्नाचं उत्तर फायरमध्ये किंवा लॉइंकमध्ये सापडत नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी काढलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्ण कसा तपासावा, हे सविस्तर दिलं आहे. पण माहिती-व्यवस्थापनाच्या यंत्रणा आणि त्यांची परस्परांशी जोडणी हे विषय त्या सूचनांच्या कक्षेबाहेर असल्याचंही त्यातच लिहिलं आहे.

परदेशातला अनुभव इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजना २०१९ पासून घरच्या देखरेखीसाठी डॉक्टरांना वेगळे पैसे देते. त्यात उपकरण बसवून देणं, नोंदी मिळवणं आणि त्या पाहून रुग्णाशी बोलणं, यांचा स्वतंत्र हिशोब होतो. आकडे पाहण्याचे पैसे मिळतात, म्हणून ते काम कोणाच्या तरी नावावर लागतं. ब्रिटनमध्ये 'व्हर्च्युअल वॉर्ड' चालतात. रुग्ण घरी असतो, पण रुग्णालयातल्या वॉर्डसारखी एक ठरलेली टीम त्याच्या नोंदी पाहते. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये लागू केलेल्या आरोग्य माहितीच्या कायद्यात एका देशातल्या रुग्णाची नोंद दुसऱ्या देशात दिसावी, अशी तरतूद आहे. मात्र तीही टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहे.

भारतात बहुतेक रुग्ण डॉक्टरांना भेटीचे पैसे देतात. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत आलेले आकडे पाहण्याचं काम कोणाच्याच बिलात नसतं. तंत्रज्ञानापेक्षा मोठा अडथळा तो आहे.

कायदा काय सांगतो?

रुग्णाच्या बाजूने दोन गोष्टी आजही आहेत.

एक, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या, तर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या आहेत. दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या आहेत.

दोन, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीसंबंधीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यात संमती परत घेण्याचा हक्क आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगात संमतीविना माहिती वापरण्याची मुभाही आहे. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत वर आलेल्या अडचणीवर कायद्याच्या बाजूचं उत्तर हे आहे. तांत्रिक वाट अजून तितकी सोपी झालेली नाही.

आज घरच्यांनी काय करावं?

यंत्रणा जुळेपर्यंत थांबायची गरज नाही. वॉर रूममधला माणूस जे करायचा, त्यातलं बरंच घरी करता येतं.

बीपी मशीनवर 'ए' आणि 'बी' अशी दोन माणसांची सोय असेल, तर ती वापरावी. पाहुण्यांचं बीपी मोजायचं असेल, तर ॲप बंद ठेवावं.

ॲपमधलं एकक आणि वेळ तपासून घ्यावी. साखरेच्या आकड्यासमोर 'उपाशी' की 'जेवणानंतर', हे लिहावं.

महिन्यातून एकदा ॲपमधले आकडे पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये काढून ठेवावेत आणि आभा ॲपमध्ये किंवा घरातल्या दोघांच्या मोबाईलवर जपावेत. ॲप बंद पडलं किंवा मोबाईल हरवला, तरी नोंद राहते.

शेवटच्या पंधरा दिवसांचे आकडे, चालू औषधं, ॲलर्जी आणि पेसमेकर असल्यास त्याची कंपनी व मॉडेल, एवढं एका कागदावर लिहून रुग्णाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवावं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीमध्ये हा कागद कोणत्याही सर्व्हरपेक्षा लवकर वाचला जातो.

आभावर संमती मागणारी विनंती आली, तर ती कोणाची आहे, किती मुदतीची आहे आणि कोणत्या नोंदींसाठी आहे, ते पाहूनच होकार द्यावा. काम झाल्यावर ती परवानगी रद्द करता येते.

आणि डॉक्टरांनी 'रोज मोजा आणि पाठवा' असं सांगितलं, तर तीन गोष्टी तिथेच विचारून घ्याव्यात: हे आकडे कोण पाहणार, किती वाजेपर्यंत पाहणार, आणि कोणत्या आकड्याला वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. दिंडोशीतल्या त्या बाईंच्या घरी 'तीन-चार दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा' एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवलेलं असतं, तर कदाचित रात्रीची धावपळ चार दिवस आधीच्या एका फोनवर निभावली असती.